पातेल्यातली पट्टी

मोठेबाबांना उंचीची भीती नव्हती. कारखान्यात वीस-पंचवीस फुटांवरच्या क्रेनच्या रुळावरून ते हातात पाना घेऊन असे चालत जायचे, की खाली उभ्या माणसाने डोळे मिटून घ्यावेत. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कुणाच्या घरी साप निघाला की काठीवर उचलून नाल्यापलीकडे सोडून येणारे तेच. साहेबाला घाबरत नसत, पोलिसाला घाबरत नसत. मोठीआईला, म्हणजे त्यांच्या बायकोला, थोडेसे घाबरत, पण तेवढं सगळेच घाबरतात. असा हा माणूस कुणी समोर खाण्याची बशी धरली की मात्र गांगरून जायचा. बशी धरणाऱ्याकडे, मग बशीकडे, मग इतरांनी घेतलं का याकडे बघत राहायचा आणि शेवटी म्हणायचा, "आताच जेवून आलो." सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नसलं तरी.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. माझे आईवडील मी लहान असतानाच गेले आणि या दोघांनी मला वाढवलं. आम्ही मूळचे गोंदियाकडचे, बौद्ध. पोटापाण्यासाठी मोठेबाबा रायपूरला आले, शहराबाहेरच्या एका लोखंडाच्या कारखान्यात फिटर म्हणून चिकटले आणि पस्तीस वर्षं तिथेच राहिले. त्या पस्तीस वर्षांत ते डबा एकटेच खात आले. सगळे शेडच्या सावलीत गोल करून बसत, आणि हे जरा अंतरावर औजारांच्या पेटीवर. कुणी भाजीची वाटी पुढे केलीच तर म्हणत, "नको भाऊ, आज पोट ठीक नाही." आणि यांच्या डब्याकडे कुणाची नजर गेली तर स्वतःच आधी सांगून टाकत, "माह्यात तिखट लय राह्यते. तुमाले झेपनार नाही."

डब्यात काय असायचं, तर घोटलेलं वरण, भात आणि दुधीची भाजी. मोठेबाबांना अल्सर होता. मोठीआई तिखटाच्या डब्याला हात लावताना दहा वेळा विचार करायची. पण कारखान्यात त्यांची ख्याती अशी, की हा नागपुरी माणूस ज्वाळा खातो. पुढे मला अक्कल आली तेव्हा मी विचारलं, की असं खोटं काहून सांगता? म्हणाले, "त्यायले नाही म्हणाचं काम पडू नये म्हणून."

घरात मात्र सगळा कारभार उलटा. रविवारी मोठ्या परातीत भात, वरण, भाजी एकत्र कालवायचं आणि आम्ही तिघांनी तिच्याभोवती बसून हाणायचं. शेजारची पोट्टी आली तर तीही बसायची. वेगळं ताट मागितलेलं त्यांना खपायचं नाही. माझ्यासमोरचा वांग्याचा तुकडा पळवण्यात त्यांना जो आनंद व्हायचा, तो पगाराच्या दिवशीही झालेला मी पाहिला नाही. मोठीआई म्हणायची, बाहेर उपाशी मरते आणि घरी पोरीच्या तोंडचं काढते.

मी दहावी पास झाले तेव्हा त्यांनी सदर बाजारातून किलोभर पेढे आणले आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात नेले. आयुष्यात एवढं धाडस त्यांनी एकदाच केलं होतं. संध्याकाळी डबा घरी आला तो जवळजवळ भरलेला. "सगळ्यायनं खाल्ले, तरी एवढे उरले," म्हणाले. मला आनंदच झाला. पुढचे चार दिवस मी पेढे खात होते. कित्येक वर्षांनी, ते निवृत्त झाले त्या दिवशी, त्यांच्या बरोबरीचे साहूजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेटा, वो डिब्बा पूरा घूमा था. किसी को शुगर थी, किसी का सोमवार था." दिवस मंगळवारचा होता, हे त्यांना अजून आठवत होतं. त्यांनी स्वतः एक पेढा घेतला होता, पण खिशात ठेवून दिला होता, हेही त्यांनी मान खाली घालून सांगितलं. मला रात्रभर झोप आली नाही. सकाळी मी चिडून विषय काढला, तर मोठेबाबा शांतपणे दाढी करत म्हणाले, "लोकं वाईट नसतात, पोट्टे. त्यायले भेव वाटते. आपल्याले बी वाटते. दोन्हीकून भेव असलं का डबा तसाच वापस येते."

रायपूर राजधानी झालं याचा मोठेबाबांना केवढा आनंद. राजधानीने त्यांना काय दिलं, तर घराशेजारी एक उड्डाणपूल आणि धूळ. पण त्यांचं गणित वेगळं होतं. "नवीन शहरात लोकं पयले प्लॉट कुठे घेतला विचारतात," ते म्हणत, "आडनाव मंग विचारतात. तेवढ्यात आपन दोन गोष्टी बोलून घ्याच्या." मला नवा रायपूरच्या मंत्रालयात नोकरी लागली तेव्हा ते मुद्दाम एकदा माझ्यासोबत स्टाफच्या बसमध्ये आले. ते रुंद रिकामे रस्ते बघून खूश झाले आणि म्हणाले, इथे कुणाची सावली कुणावर पडायचा प्रश्नच नाही. मी हसले. ते हसले नाहीत.

त्याच मंत्रालयात मला सौरभ भेटला. दुसऱ्या विभागातला, शंकर नगरात राहणारा, वडील नसलेला, घरात तो आणि त्याची शाळेतून निवृत्त झालेली आई. मराठीच, नागपूरचे, पण आमच्यातले नाहीत, वरच्या जातीतले. दोन वर्षं मी घरी हे लपवलं. मोठीआई तोवर गेली होती, आणि मोठेबाबांना सांगायचं मी रोज उद्यावर ढकलत होते. शेवटी एका सकाळी चहा देता देता सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. कप खाली ठेवला आणि विचारलं, "त्याच्या घरी कोन रांधते?"

मी म्हटलं, आई.

"ते तुह्या हातचं खाईन का?"

सौरभ म्हणायचा, माझी आई तशी नाही. पण हे सौरभ म्हणत होता. मी तिच्या घरी कधी गेले नव्हते. मोठेबाबा म्हणाले, पोरगा चांगला असेल, नोकरी चांगली असेल, ते मी विचारतच नाही. रोज दोन वेळा ज्या चुलीजवळ तू उभी राहशील, तिथे तुझ्या हाताला कोण काय म्हणतं, एवढंच मला पाहायचं आहे. ते पाहिल्याशिवाय हो म्हणणार नाही. आणि त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी लग्न केलं नसतं, हे मला पक्कं माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं, म्हणूनच ते माझ्याइतकेच घाबरले होते.

भेट ठरवायची तर कुठे, यावर आठवडा गेला. आपल्या घरी नको, म्हणाले. त्यांनी पाण्याचा पेला नुसता हातात धरून ठेवला तर मला बघवणार नाही. त्यांच्या घरी नको. मला वेगळ्या कपात चहा आला तर तुला बघवणार नाही. "हॉटेलात बरं. तिथं सगळ्यायचेच कप दुसऱ्याचे." सौरभला यातलं काही सांगायची माझी छाती झाली नाही. मी एवढंच म्हटलं, की हॉटेलात भेटू. त्या भल्या माणसाने ऑफिसातल्या कुणाकडून तरी ऐकून शंकर नगराजवळचं एक नवीन हॉटेल ठरवलं. तिथे म्हणे टेबलावरच रस्सा उकळत ठेवतात, कच्च्या भाज्या आणून देतात आणि आपणच शिजवून खायचं. हॉटपॉट. आमच्यापैकी कुणीच ते आधी खाल्लेलं नव्हतं. सौरभला वाटलं, नवीन काही असलं की बोलायला विषय मिळेल.

रविवारी दुपारी मोठेबाबा निळा शर्ट इस्त्री करून तयार झाले. स्कूटरवर माझ्यामागे बसले आणि वाटेत एकदाही बोलले नाहीत. एरवी ते मला प्रत्येक खड्डा आधी सांगायचे. हॉटेलच्या दारात पायपुसण्यावर त्यांनी चपला इतक्या वेळ घासल्या, की दरवाजा उघडून धरणारा माणूस अवघडला.

सौरभ आणि त्याची आई आधीच बसले होते. काकू बारीक, ताठ बसणाऱ्या, कडक स्टार्चची साडी. त्यांनी हात जोडले, "या भाऊ," म्हणाल्या. आवाजात काही कमीजास्त नव्हतं. पण हसत नव्हत्या. मी मनात म्हटलं, संपलं.

टेबलाच्या मधोमध शेगडी बसवलेली होती. वेटरने कोबी, मश्रूम, पनीर, मका, शेवया, चिकनचे कागदासारखे पातळ काप अशा बश्या मांडल्या, सगळं कच्चं. मग दोन्ही हातांनी धरून त्याने पातेलं आणलं आणि शेगडीवर ठेवलं.

पातेल्याच्या मध्ये पत्र्याची पट्टी होती. या काठापासून त्या काठापर्यंत, जरा वळण घेऊन गेलेली, वेल्डिंगचे डाग मारून पक्की बसवलेली. पट्टीच्या एका बाजूला पांढरा रस्सा, दुसऱ्या बाजूला लाल. पांढरी बाजू त्यांच्याकडे होती, लाल आमच्याकडे.

मोठेबाबांनी आयुष्यभर लोखंडाचे सांधे पाहिले होते. त्यांनी त्या पट्टीकडे असं निरखून पाहिलं, जणू ती कुणी जोडली हे त्यांना ओळखायचं होतं. मग माझ्या कानाशी येऊन अगदी हळू विचारलं, "हे यायनं आधीच सांगून ठेवलं होतं का?"

ही पट्टी सगळ्यांच्याच पातेल्यात असते की आमच्याच, हे मलाही ठाऊक नव्हतं. शेजारचं टेबल रिकामं होतं. आज हे लिहिताना हसू येतं, चव वेगळी राहावी म्हणून घातलेल्या पत्र्याला दोन शिकलीसवरली माणसं घाबरली. पण त्या वेळी मला खरंच वाटलं, की काकूंनी फोन करून हे मागवून घेतलं असेल.

त्यात काकूंनी वेटरला विचारलं, "सबके चम्मच इसी में जाएँगे?" वेटर म्हणाला, "हव मैडम, सब अपना-अपना डालो, पकाओ, खाओ. उबलते में क्या जूठा." काकूंनी दोन्ही रश्श्यांकडे पाहिलं. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "मला तिखट अजिबात चालत नाही हो. मी पांढऱ्यातलंच घेते."

मी मोठेबाबांकडे पाहिलं. ते वाक्य त्यांचंच होतं, फक्त उलटं केलेलं. पस्तीस वर्षं रोज दुपारी त्यांनी ते वापरलं होतं, आणि ते कशासाठी वापरतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांचा चेहरा विझला. पण अतिशय अदबीने ते म्हणाले, "काही हरकत नाही, ताई. आमी लालच खातो."

आणि अल्सर असलेला तो माणूस लाल रस्सा खाऊ लागला. कोबी घातला, खाल्ला. मका घातला, खाल्ला. कपाळावरून घाम गळ्यात उतरत होता, नाक वाहत होतं, पण चमचा पट्टीच्या पलीकडे जाईना. मी टेबलाखालून त्यांचं मनगट दाबलं, तर त्यांनी ते सोडवून घेतलं. सौरभ बिचारा दोन्ही बाजूंनी खात, मंत्रालयातल्या गमती सांगत होता. काकू आपल्या चमच्याने पांढऱ्यातलं थोडं थोडं घेत होत्या. त्या प्लॉटच्या भावाबद्दल बोलल्या, माझ्या कामाबद्दल बोलल्या. सगळं इतकं सभ्य चाललं होतं, की मला रडू येत होतं. मला दिसत होतं, हे जेवण असंच संपणार. मोठेबाबा हात धुतील, नमस्कार करतील आणि घरी जाऊन म्हणतील, नको पोट्टे.

मग त्यांचा चमचा थांबला. ते पातेल्याकडे बघत राहिले. पंचवीस फुटांच्या रुळावरून चालणारा तो माणूस खुर्चीत पुढे सरकून बसला, आणि मला कळलं ते काय करणार आहेत. मला त्यांना थांबवायचं होतं. काकू काय करतात हे नंतर हळूहळू कळलं असतं तर चाललं असतं; असं आत्ता, चारचौघांत, डोळ्यांसमोर कळायला नको होतं.

त्यांनी आपला तोच चमचा पट्टीवरून पलीकडे नेला, पांढऱ्या रश्श्यात बुडवला, पनीरचा एक तुकडा घेतला आणि खाल्ला.

चमच्याला लागलेला लाल तेलाचा थेंब पांढऱ्या रश्श्यावर पसरला आणि उकळीबरोबर हळूहळू काकूंच्या बाजूला सरकू लागला. काकूंचा चमचा तेव्हा हवेत होता, पातेल्याकडे निघालेला. तो तिथेच थांबला. सौरभने एकदा मोठेबाबांकडे, एकदा आईकडे पाहिलं. त्याला बहुधा त्याच क्षणी पहिल्यांदा सगळं समजलं. मी काकूंच्या हाताकडे बघत होते. मोठेबाबा बघत होते.

काकूंनी चमचा खाली नेला, त्या लाल थेंबाच्या शेजारीच बुडवला, आणि रस्सा प्यायल्या.

प्यायल्या आणि त्यांना असा ठसका लागला की बोलायची सोय नाही. डोळ्यांतून पाणी, चेहरा लाल, सौरभ पाठ थोपटतोय, वेटर पाणी घेऊन धावतोय. ठसका ओसरल्यावर त्यांनी पदराने डोळे टिपले आणि चमचा पुन्हा तिथेच घातला. मोठेबाबांनी तो अर्धवट उठून अडवला. झारा उचलला आणि पांढऱ्या रश्श्यावरचं लाल तेल, थेंब न् थेंब, काढून आपल्या वाटीत घेऊ लागले. "थांबा ताई, थांबा," ते म्हणत होते, "तुमाले खरंच चालत नाही वाटते."

परत येताना तेलीबांध्याच्या तलावापाशी त्यांनी मला थांबायला सांगितलं. कठड्यावर बसले. मी विचारलं, काय ते. म्हणाले, "कर लग्न."

"थांबल्या होत्या त्या," मी म्हटलं. मला ते त्यांच्या तोंडून नंतर ऐकायचं नव्हतं.

"हव, थांबली. मी पाह्यलं. पन खाल्लं. थांबनं तिले तिच्या आईनं शिकवलं असन, पोट्टे. खानं ते सोता शिकली."

मी विचारलं, नसतं खाल्लं तर काय केलं असतं. त्यावर ते म्हणाले, की तिथवर विचारच केला नव्हता; पट्टीच्या पलीकडे हात गेला तेव्हा पायाखाली काही नाही असं वाटत होतं, आणि अजून तसंच वाटतंय. मग पोट धरून वाकले. त्या लाल रश्श्याने त्यांना पुढे चार दिवस ताकभातावर ठेवलं.

आमचं लग्न झालं. काकूंना तिखट खरोखरच चालत नाही. फोडणीतली मिरची चुकून दाताखाली आली तर अर्धं घर त्यांच्यामागे साखर घेऊन धावतं. तेवढ्यापुरता मोठेबाबांचा अंदाज चुकला होता, आणि तो चुकला याचं त्यांना फार अप्रूप होतं. दर रविवारी ते शंकर नगरला आमच्याकडे जेवायला यायचे. काकू त्यांच्यासाठी वेगळं, पचायला हलकं काहीतरी करायच्या आणि स्वतःही तेच खायच्या. दोघं फार बोलत नसत. पाच वर्षं हे चाललं. मग एका थंडीत मोठेबाबा झोपेतच गेले. पोटाचं काही नव्हतं, हृदय थांबलं. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्यातल्या मृत्यूनंतरच्या विधीच्या, दिवशी काकू सकाळपासून आमच्या पाऱ्यातल्या घरी भाज्या चिरत बसल्या होत्या.

सगळे पांगल्यावर आम्ही दोघी भांडी पुसत होतो. काकू एक वाटी बराच वेळ पुसत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सुजाता, त्या दिवशी हॉटेलात माझा हात थांबला होता. त्यांनी पाहिलं होतं का गं?"

पाच वर्षं ही बाई हे मनात घेऊन त्यांना वाढत होती, हे मला तेव्हा कळलं. नाही म्हणून टाकावं असं वाटलं. तोंडापर्यंत आलंही. पण मोठेबाबांबद्दल खोटं बोलायचं, आणि तेही त्यांच्याच घरात, हे जमेना.

"पाहिलं होतं," मी म्हटलं.

त्यांनी वाटी खाली ठेवली. "मग इतकी वर्षं माझ्या घरी जेवायचे कसे?"

"भीत भीत," मी म्हणाले. "पण एक रविवार चुकवला नाही."